हव म्हणणारे पाय

माझे सर मला चेहऱ्यावरून ओळखत होते की नाही, याची मला आजही खात्री नाही. पायांवरून मात्र नक्की ओळखत. त्यांच्याकडची नोकरी सोडून मला आठ-नऊ वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. रायपुरात तेलीबांध्याच्या तलावाकाठी संध्याकाळी फिरत होते, तर समोरून सर. मी जाड झालेली, चष्मा लागलेला, केस कापलेले. मी हाक मारणार तेवढ्यात तेच माझ्यासमोर थांबले, खाली बघितलं आणि म्हणाले, "डाव्या पायाची करंगळी अजून चपलेच्या बाहेरच ठेवून राहिली का तू? कितीदा सांगतलं होतं तुले." मग मान वर करून माझा चेहरा निरखला. पाय आणि चेहरा एकाच बाईचे आहेत अशी खात्री पटल्यावर हसले.

सर मधुमेहाचे डॉक्टर. मूळचे भंडाऱ्याकडचे, रायपूरला आले आणि इथलेच होऊन गेले. शंकर नगरात एका दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं संशोधन चालायचं. शुगर जुनी झाली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही, कळत नाही म्हणून जखम चिघळते, आणि मग कुणाचं बोट, कुणाचा पंजा, कुणाचा अख्खा पाय कापावा लागतो. ही बधिरता वेळेवर पकडली आणि माणसाला रोज स्वतःचे तळवे बघायची सवय लावली, तर पाय वाचतात का, एवढंच सरांना शोधायचं होतं. बाकी जगात काय चाललं आहे, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं.

मी तिथे नोंदी ठेवायला लागले तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झाले होते. बाबा रेल्वेत, घरात शुगर कुणालाच नाही, त्यामुळे या विषयातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मुलाखतीला प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून गेले. सरांनी फाईल उघडलीच नाही. म्हणाले, "चप्पल काढ." मी घाबरून काढली. त्यांनी ती उचलली, उलटी केली, खिडकीपाशी नेऊन तळ बघितला. "उजवीकडे जोर देऊन चालते. पण टाचेले भेगा नाहीत, नखं सरळ कापलेली. ये उद्यापासून." घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "हा माणूस डॉक्टर आहे की चांभार?" पण मी गेले.

लग्नाकार्यात तर त्यांना सांभाळणं कठीण. मांडवात शिरायच्या आधी ते बाहेर चपलांच्या ढिगापाशी उभे राहायचे आणि वाकून एकेक चप्पल न्याहाळायचे. कुठली एकाच बाजूने झिजली आहे, कुठली मुद्दाम दोन नंबर मोठी घेतली आहे, कुठल्या सँडलचा पट्टा कापून सैल केला आहे. "हे पाह्य," मला म्हणायचे, "या माणसाचा पाय सुजते. आणि याले ते माहीत नाही." एका लग्नात कुणा पाहुण्याने त्यांना तसं वाकलेलं बघून आपले बूट त्यांच्या हातात दिले आणि विचारलं, "भैया, टोकन?" सरांनी बूट घेतले, आत हात घालून चाचपले आणि म्हणाले, "टोकन नाही, पण आतमध्ये एक खिळा वर आलेला आहे. तुम्हाला टोचत नाही का?" तो पाहुणा पुढच्या सोमवारी आमच्याकडे तपासायला आला. टोचत नव्हतंच त्याला.

दुसरं वेड नोंदींचं. आमच्याकडे खोडरबर आणि व्हाइटनर यांना बंदी होती. चूक झाली तर तिच्यावरून एकच सरळ रेघ मारायची, जुनं लिहिलेलं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर काय ते लिहायचं, सही आणि तारीख. संशोधनाच्या कामात सगळीकडेच हा नियम असतो, हे मला नंतर कळलं. पण सरांनी तो घरापर्यंत नेला होता. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, किराण्याच्या यादीत 'साखर' लिहिलं, की त्यावर एक रेघ, बाजूला 'फुटाणे', खाली सही आणि तारीख. काकू म्हणायच्या, "लग्नाच्या पत्रिकेतही चूक होती माझ्या नावात. त्यावरही सही करून दिली होती यांनी." फुटाणे मात्र ते सदैव खिशात ठेवायचे आणि बिनसाखरेच्या काळ्या चहाबरोबर खायचे. ती त्यांची आवड असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

आता आमच्या खऱ्या हत्याराबद्दल सांगते. एका दांडीला बसवलेला नायलॉनचा जाडसर केस. आम्ही त्याला काडी म्हणायचो. पेशंटने डोळे मिटायचे. ती काडी तळव्यावर ठेवून वाकेपर्यंत दाबायची आणि विचारायचं, लागलं का? पायाच्या दहा जागा. जिथे लागत नाही, तिथे नस झोपली. पहिल्या दिवशी सरांनी मला हे शिकवलं आणि एक कोरी वही पुढे टाकली. "ही सरावाची. कर माझ्यावर." बूट-मोजे काढून ते खुर्चीवर बसले. मी जमिनीवर बसले आणि त्यांचा पाय हातात घेतला. एवढा वेळ चुरुचुरु बोलणारा माणूस एकदम अवघडला. मी काडी लावायची, विचारायचं, ते घाईघाईने म्हणायचे, "हव, हव." छत्तीसगढीत 'हव' म्हणजे हो, इतक्या वर्षांत तो शब्द त्यांच्या जिभेवर बसला होता. दहाही जागा दोन मिनिटांत संपल्या. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'उजवा पाय, दहापैकी दहा.' तोवर त्यांनी मोजे चढवलेसुद्धा. "झालं. उठ बाई खालून," म्हणाले. त्यानंतर मी त्यांचे पाय बघितले ते थेट शेवटी. घरात, दवाखान्यात, भर मे महिन्यात, सर कायम मोज्यांत.

अभ्यासातले पेशंट यायला लागले. सर स्वतः पाटावर खाली बसायचे आणि पेशंटला वर खुर्चीत बसवायचे. यात काही वेगळं आहे, असं आमच्या डोक्यातही आलं नाही. पाय खाली असतो, तर तपासणारा खाली बसणार. पण येणाऱ्या माणसांना हे झेपत नव्हतं. पांढरा कोट घातलेला, केस पिकलेला डॉक्टर आपल्या पायाशी बसतो, आपले पाय हातात धरतो, म्हणजे काय! म्हाताऱ्या बायका पाय साडीत ओढून घ्यायच्या. एक रिटायर मास्तर तर उभेच राहिले, म्हणाले, "डॉक्टर साहब, पाप लगाओगे क्या?" मी तपासायला बसले तरी तेच. "बेटी, तैं उठ," म्हणायचे. डोळे मिटायचे, काडी लागायच्या आतच "हव, हव" म्हणायचे आणि पाय सोडवून घ्यायचे. तीन महिने आम्ही ते 'हव' इमानदारीने लिहून घेतलं.

आकडे इतके चांगले येत होते की बाकीचे डॉक्टर अभिनंदन करायला लागले. सर मात्र दिवसेंदिवस अस्वस्थ. रजिस्टर उघडून बसायचे आणि पुटपुटायचे, "चपला एक सांगून राहिल्या, वही दुसरंच सांगून राहिली. काहून?"

याचं उत्तर घेऊन आली ती अभनपूरची काकी. बाजारात भाजी विकणारी, पन्नाशीची, हसतमुख; दर वेळी माझ्यासाठी चार वांगी नाहीतर भाजीची जुडी आणायची. महिन्यापूर्वी तिचे पाय मीच तपासले होते. दहापैकी दहा, दोन्ही पाय. त्या दिवशी ती नेहमीसारखी चालत आली, टोपली खाली ठेवली, चप्पल काढायला गेली तर चप्पल पायापासून सुटेना. सर खाली बसले. रबरी चपलेतून आरपार गेलेला खिळा तिच्या तळव्यात अंगठ्याखाली रुतला होता. आजच नव्हे, कित्येक दिवस रोज त्याच जागी रुतत असणार. भोवतालचं मांस काळं पडलं होतं. आणि मला रडताना बघून ती वरून विचारत होती, काय झालं, का रडतेस, "का होगे बेटी? काबर रोवत हस?"

तिचा अंगठा काढावा लागला. पाय वाचला, पण अंगठा गेला. ती माझी नोंद होती. 'दहापैकी दहा' माझ्याच अक्षरात होतं. आज इतक्या वर्षांनीही ते पान माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मला वाटलं सर मला काढून टाकतील. मी राजीनामा लिहूनच नेला होता. त्यांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आज पाच पेशंट येऊन राहिले. तू तपास. मी पाह्यतो. पण मी सांगीन तेव्हा काडी लावायचीच नाही. नुसतं विचारायचं."

पहिला तोच रिटायर मास्तर. डोळे मिटलेले. मी काडी हवेत धरली, पायापासून वीतभर दूर, आणि विचारलं, "लगा?"

"हव."

दुसऱ्या बाई. काडी हवेत. "हव बेटी." तिसरा, चौथा, पाचवा. पाचही जणांना हवा लागली. शेवटचा पेशंट गेल्यावर सर पाटावरच बसून राहिले. मग म्हणाले, "खोटं नाही बोलून राहिले हे लोक. आपल्याले खालून उठवून राहिले. आपली लाज राखून राहिले." आणि थोड्या वेळाने, "चूक तुझी नाही. प्रश्न चुकीचा होता, आणि बसणंही. तो प्रश्न माझा आहे."

तीन महिन्यांचं काम रद्द. अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या कमिटीला सरांनी स्वतः पत्र लिहिलं की आमच्या सगळ्या नोंदी निकामी आहेत, आम्ही पहिल्यापासून सुरू करतो. इतर डॉक्टरांनी समजावलं. एवढं कोण बघतं, पुढच्या तपासणीत नीट करा म्हणाले. सर म्हणाले, "एका बाईचा अंगठा बघतो आहे ना." आम्ही दोघांनी प्रत्येक पानावर रेघ मारली. एकच सरळ रेघ, सही, तारीख. मनगटं दुखून आली. माझा राजीनामा त्यांनी परत दिला, त्यावरही रेघ मारून.

मग आमची नवी रीत सुरू झाली. पेशंटला पलंगावर आडवं करायचं, म्हणजे कुणी कुणाच्या पायाशी बसलं असं वाटणार नाही. 'लागलं का' विचारायचं नाही, 'कुठे' विचारायचं. कुठल्या पायाला, कुठल्या बोटाला. आणि अधूनमधून नुसतीच हवा. पण सरांनी यात स्वतःची एक भर घातली, ती कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. पायाला हात लावण्याआधी ते पेशंटपुढे डोकं वाकवायचे आणि इकडे आईला हाक मारतात तसं म्हणायचे, "दाई, पहिले आशीर्वाद दे. फेर पाय माझा." म्हातारी हसायची, त्यांच्या डोक्यावर हात ठेवायची. आता पाय धरणं हे पाया पडणं झालं, आणि लेकराने पाया पडण्यात पाप कसलं? पाय मोकळे व्हायचे. माणसं पहिल्यांदा खरं बोलायला लागली. "नइ लागत हे," म्हणायची आणि स्वतःच दचकायची.

मध्येच सरांना वाटलं की 'नाही' म्हणायची हिंमत वाढवावी, म्हणून प्रत्येक 'नाही'ला चार फुटाणे द्यायला लागले. आठवडाभरात ठणठणीत पायांची माणसंही 'नाही, नाही' करत ओंजळ पुढे करायला लागली. फुटाणे बंद झाले. तो आठवडाही पुन्हा करावा लागला.

तेव्हाच एकदा मी सहज म्हणाले, "सर, सगळं पहिल्यापासून केलं, तुमचं पान तेवढं राहिलं. सरावाच्या वहीतलं."

"ते सरावाचं आहे," ते म्हणाले, "अभ्यासाचं नाही." आणि उठून चहा घ्यायला गेले. मी विसरून गेले. माझी चूक ती.

अभ्यास पुरा झाला. काकी शेवटच्या तपासणीपर्यंत येत राहिली, सरांनी बनवून घेतलेल्या नरम चपला घालून, रोज आरशात तळवे बघणारी. गावातल्या बायकांनाही ती आरसा घेऊन बसवायची म्हणे. माझं लग्न झालं, नोकरी बदलली, मुलं झाली. मुलांना मराठी समजते, उत्तर ती हिंदीत देतात. सरांशी भेट व्हायची ती तलावाकाठी, आणि ती अशी, खालून वर.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी काकूंचा फोन आला. "तुझ्या सरांच्या मोज्यावर डाग पडून राहिला. तीन दिवस झाले. विचारलं तर म्हणते, चहा सांडला. मले हात लावू देत नाही, डॉक्टरकडे येत नाही. वीस वर्षांची शुगर आहे त्यांना, तुम्हाला कोणाला सांगितलं नाही कधी. तुझं ऐकतील तर पाह्य."

मी तशीच निघाले. वाटेत ते फुटाणे, तो काळा चहा, भर उन्हाळ्यातले ते मोजे, सगळं एकेक करून समोर यायला लागलं. रागही आला, रडूही आलं.

पाय वाचला, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव तिकडेच टांगून राहील. दुसऱ्या दिवशी जखम साफ केली, दीड महिना पाय टेकू दिला नाही. सर गेले ते या थंडीत, झोपेत, दोन्ही पाय शाबूत घेऊन. पण मला सांगायची आहे ती त्या दुपारची गोष्ट.

सर आरामखुर्चीत होते. मी पर्समधून काडी काढली. अजून असते माझ्याकडे. म्हणाले, "काही नाही ग, म्हातारीला सवय आहे घाबरायची." मी खाली बसले, मोजा उतरवला. तळव्याला टाचेपाशी रुपयाएवढी जखम होती. त्यांचा चेहरा पहिल्या दिवसासारखाच अवघडला. पाय मागे ओढायला लागले. "उठ ना बाई खालून. दोन लेकरांची माय तू, माझ्या पायाशी काय बसते."

"डोळे मिटा, सर."

त्यांनी मिटले. मी काडी हवेत धरली, वीतभर दूर.

"लागलं का?"

"हव," सर म्हणाले.

मी काडी तशीच हवेत धरून ठेवली. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, काडी कुठे आहे ते बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पकडलं?"

"पकडलं, सर."

"त्या दिवशीही नव्हतं लागलं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी. दहापैकी चार जागी लागलं असेल. तू खाली बसली होती, नवी पोट्टी, मले वाटलं लवकर उठव हिले. आणि मग ते पान तसंच राहू दिलं. अख्ख्या दुनियेचे पाय पाह्यले, आणि स्वतःचे मोज्यात ठेवले. भेत होतो मी. काकीचा अंगठा पाह्यल्यापासून तर जास्तच." त्यांनी काकूंना हाक मारली. "कपाटातली ती जुनी वही आण. सरावाची."

वही होती. पहिलं पान होतं. माझं अक्षर, 'उजवा पाय, दहापैकी दहा.' मी पेन काढला तर त्यांनी हात पुढे केला. "लिहिलं तू, पण हव मी म्हटलं." रेघ सरळ आली. एकच. बाजूला सही, त्या दिवसाची तारीख.

मी डोळे पुसले, काडी उचलली आणि पायाकडे वळले. "थांब," ते म्हणाले. "पहिले काय असते, विसरली का?"

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग खुर्चीत मागे टेकले, डोळे मिटले आणि पाय आपणहून पुढे केला.

मी काडी अंगठ्याखाली ठेवली आणि वाकेपर्यंत दाबली.

"कुठे, सर?"

ते थांबले. नीट थांबले, शोधत असल्यासारखे.

"नाही," म्हणाले. "नाही लागलं."